डिझेल इंजिनाला प्लग का नसतो? अंतर्ज्वलन इंजिनांचे प्रकार समजून घ्यायचे आहेत

तापीकाठ (चोपडा तालुका) यांचा प्रश्न :

नमस्कार मंडळी. आमच्या मळ्यातील विहिरीवर वडिलांनी घेतलेले एक सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन आहे. त्याच्या पट्टीवर ५ अश्वशक्ती आणि मिनिटाला १५०० फेरे असे कोरलेले आहे. विजेची मोटार बसल्यापासून ते बहुतेक काळ झाकूनच असते. परंतु केळीला पाणी द्यायच्या ऐन दिवसांत वीज दगा देते, तेव्हा त्यालाच हँडल मारावे लागते. यंदा ते बाहेर काढून सुरू केले आणि त्यावरून पारावर जी चर्चा रंगली, तिचा निकाल काही लागला नाही, म्हणून येथे विचारतो.

माझी मुख्य शंका अशी आहे. पेट्रोलजवळ पेटती काडी नेली की क्षणात भडका उडतो, तर डिझेल काडीने सहजासहजी पेट घेत नाही, हे सर्वांनाच ठाऊक आहे. असे असताना सहज पेटणाऱ्या पेट्रोलला इंजिनात ठिणगी का लागते आणि सहज न पेटणारे डिझेल ठिणगीशिवाय आपोआप कसे पेटते? आमच्या शेजारच्या आबांचे म्हणणे असे की डिझेलमध्ये ताकद अधिक असल्यामुळे त्याला ठिणगी पाडणाऱ्या प्लगची गरज नसते. हे उत्तर मला पटत नाही, पण खोडताही येत नाही.

दुसरे असे की पूर्वी तापीच्या काठावर पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालवायचे छोटे पंप असत. रॉकेल तर डिझेलच्या जवळचे, तरीही त्या पंपांना प्लग होता. मग प्लग असणे किंवा नसणे नेमके कशावर ठरते?

शेवटची गोष्ट म्हणजे टू-स्ट्रोक, फोर-स्ट्रोक, पेट्रोल, डिझेल, टर्बो, रोटरी ही सारी नावे एकाच पंगतीत बसवायची की त्यांच्या पंगती वेगवेगळ्या आहेत, हेही कोणी समजावून सांगितले तर बरे होईल. बारावीपर्यंत विज्ञान शिकलो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिले तरी चालेल.


निदेशक (जळगाव, डिझेल मेकॅनिक ट्रेड) यांचे उत्तर :

तापीकाठ दादा, इंधन पेटण्याचे दोन निरनिराळे मार्ग आहेत आणि त्यांची गल्लत झाली की आपण मांडलेला पेच उभा राहतो.

पहिला मार्ग बाहेरून ज्योत लावण्याचा. त्यासाठी इंधनाची पुरेशी वाफ आधीच हवेत मिसळलेली असावी लागते, कारण पेटते ती वाफ, द्रव नव्हे. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ सोडते. डिझेलला मात्र त्यासाठी बऱ्यापैकी तापावे लागते आणि आपल्याकडील मानकानुसार ही मर्यादा ३५ अंशांच्या खाली असता कामा नये. (वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला डिझेलचा कॅन ३५ अंशांच्या पुढे सहज जातो, त्यामुळे खान्देशात काडीची परीक्षा कोणीही करून पाहू नये.) दुसरा मार्ग ज्योतीशिवाय, केवळ उष्णतेने पेटण्याचा. येथे क्रम उलटा होतो. डिझेलचे रेणू लांब, सरळ साखळीचे असल्यामुळे उष्णतेने लवकर तुटतात आणि साधारण २१० ते २५० अंशांच्या दरम्यान आपोआप पेट घेतात. पेट्रोलचे रेणू आखूड आणि फांद्या फुटलेले असतात, त्यामुळे ते अधिक तापमान सहन करतात. पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक म्हणजे आपोआप न पेटता टिकून राहण्याचे माप, तर डिझेलचा सीटेन क्रमांक म्हणजे आपोआप लवकर पेटण्याचे माप. सध्याच्या मानकांनुसार डिझेलचा सीटेन क्रमांक किमान ५१ आणि साध्या पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक ९१ किंवा त्याहून अधिक असावा लागतो. याचा अर्थ शुद्धीकरण कारखाना ही दोन इंधने मुद्दाम परस्परविरुद्ध गुणांची बनवतो. आबांनी सांगितलेल्या ताकदीचा येथे संबंध नाही. एक किलो पेट्रोल आणि एक किलो डिझेल यांच्यातील उष्णता जवळजवळ सारखीच असते.

आता आपल्याच इंजिनाच्या आत काय घडते ते पाहू. या वर्गातील प्रचलित माप, उदाहरणार्थ किर्लोस्करच्या एव्ही१ इंजिनाचे, असे आहे की सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव (स्ट्रोक) ११० मिलिमीटर, म्हणजे एका धावेत ५५३ घनसेंटिमीटर जागा मोकळी होते. पहिल्या स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली जातो, आत घेण्याचा व्हॉल्व्ह उघडतो आणि केवळ हवा आत येते. दुसऱ्या स्ट्रोकमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन वर येतो आणि सगळी हवा अवघ्या ३६ घनसेंटिमीटर जागेत, म्हणजे मूळच्या सुमारे साडेसोळाव्या भागात कोंबली जाते. सायकलला हवा भरताना पंपाचा बुड हाताला गरम लागतो. तेच येथे फार मोठ्या प्रमाणावर होते आणि हवेचे तापमान ५०० अंशांच्या वर जाते. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या थोडे आधी, क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने गोल फिरणाऱ्या दांड्याच्या, फिरण्याच्या हिशेबाने साधारण २३ ते २७ अंश आधी, नोझलमधून सुमारे २०० बार (म्हणजे वातावरणाच्या सुमारे २०० पट) दाबाने डिझेलचा फवारा सुटतो आणि त्या तापलेल्या हवेत तो स्वतःहून पेटतो. जी हवा डिझेलच्या पेटण्याच्या तापमानापेक्षा दुपटीने तापलेली आहे, तिच्यात ठिणगी टाकून काय साधणार? म्हणून प्लग नाही.

तिसरा स्ट्रोक कामाचा. जळणाऱ्या वायूंचा दाब ६० बारच्या घरात जातो, म्हणजे पिस्टनच्या तोंडावर सुमारे तीन टनांचा भार पडतो आणि तोच कनेक्टिंग रॉडमार्फत क्रँकला फिरवतो. चौथ्या स्ट्रोकमध्ये धूर बाहेर ढकलला जातो. चारपैकी एकाच स्ट्रोकमध्ये काम मिळते आणि उरलेले तीन उसनवारीवर चालतात. ही उसनवारी फेडण्यासाठीच आपल्या इंजिनाला ते जड चाक, म्हणजे फ्लायव्हील लावलेले असते. १५०० फेऱ्यांना मिनिटाला ७५० वेळा इंधन पेटते आणि प्रत्येक स्ट्रोकला सेकंदाचा केवळ पन्नासावा भाग मिळतो. पूर्ण भारावर असे इंजिन तासाला एक लिटरच्या आसपास डिझेल घेते. त्याचा भागाकार केला तर प्रत्येक फवाऱ्यात सुमारे २५ घनमिलिमीटर डिझेल येते, जे नेहमीच्या एका थेंबाच्या निम्मेच असते. इतके अल्प डिझेल, इतक्या अल्प वेळात, प्रत्येक वेळी तेवढेच मोजून सोडायचे काम फ्युएल पंप करतो. माझ्या मते संपूर्ण इंजिनातील सर्वांत कुशल भाग तोच आहे आणि गावोगावी सर्वांत जास्त हेळसांडही त्याचीच होते.

डिझेल इंजिनाचा तो ठणठणीत आवाजही याच पद्धतीतून येतो. फवारा सुटल्याबरोबर डिझेल पेटत नाही. थेंबांची वाफ होऊन ती पेटेपर्यंत क्षणाचा काही भाग जातो. तेवढ्या वेळात साचलेले डिझेल एकदम पेटते, दाब झटक्यात चढतो आणि आपल्याला ठोका ऐकू येतो. हे झटके सोसायचे म्हणून ब्लॉक, क्रँक, पिस्टन सारेच दणकट करावे लागतात आणि इंजिन जड होते.

पेट्रोल इंजिनात याउलट हवा आणि इंधन आधीच एकत्र मिसळून आत येतात. हे मिश्रण डिझेलइतके दाबले तर ते नको त्या वेळी स्वतःच पेटेल, म्हणून दाबण्याचे प्रमाण साधारण ९ ते ११ पटींवर ठेवतात आणि ठरलेल्या क्षणी प्लगच्या ठिणगीने ज्योत लावतात. वेग कमी-जास्त करण्याची पद्धतही यातूनच वेगळी होते. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलने आत येणारे मिश्रणच रोखतात. आपल्या इंजिनात मात्र हवा दर वेळी पुरेपूर येते आणि गव्हर्नर, म्हणजे फेऱ्यांचा वेग राखणारा भाग, केवळ डिझेलचे माप बदलतो.

रॉकेलच्या पंपाचे कोडेही आता सुटावे. ते इंजिन मुळात पेट्रोल इंजिनाच्या जातीचेच असते. थंड असताना रॉकेलची वाफ होत नाही, म्हणून सुरुवात पेट्रोलवर करतात. इंजिन तापले की रॉकेलची वाफ होऊ लागते आणि प्लग ती पेटवतो. त्याचे दाबण्याचे प्रमाण तर पेट्रोल इंजिनाहूनही कमी ठेवतात, कारण रॉकेल लवकर आपोआप पेटते. शहरातील सीएनजीच्या बसमध्येही प्लगच असतो, जरी तिचे इंजिन बांधणीने डिझेल इंजिनासारखे दिसत असले तरी. तेव्हा टाकीत काय ओतले यावरून इंजिनाची जात ठरवू नये. आग कशी लागते यावरून ठरवावी. ठिणगीने पेटणारे आणि दाबाच्या उष्णतेने पेटणारे, हे दोन मूळ वर्ग आहेत आणि वजन, आवाज, वेग, धूर, मायलेज यांतील बहुतेक फरक तेथूनच निघतात.


निवृत्त शिक्षक (अमळनेर, भौतिकशास्त्र) यांचे उत्तर :

निदेशक साहेबांनी यंत्राची बाजू उत्तम मांडली आहे. मी थोडा इतिहास जोडतो, कारण या इतिहासात दाबाला असलेले महत्त्व टप्प्याटप्प्याने उलगडत गेलेले दिसते.

भुसावळच्या लोको शेडमधील वाफेची इंजिने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना आठवत असेल की त्यांत कोळसा एकीकडे जळे आणि त्या उष्णतेने झालेली वाफ दुसरीकडे सिलिंडरमध्ये पिस्टन ढकलत असे. आग सिलिंडरच्या बाहेर असल्यामुळे ते बहिर्ज्वलन इंजिन होते. आग थेट सिलिंडरमध्येच लावली तर बॉयलर वगळता येईल, या विचारातून एतिएन लेन्वार यांनी १८६० साली पॅरिसमध्ये कोळशाच्या वायूवर चालणारे इंजिन केले. त्यात ठिणगीही होती; परंतु वायू आणि हवा यांचे मिश्रण पेटवण्यापूर्वी दाबण्याची सोय नव्हती. परिणामी इंजिन चाले खरे, पण जळालेल्या वायूच्या मानाने काम फारच थोडे देई. १८६२ मध्ये आल्फोन्स बो द रोशास या फ्रेंच अभियंत्याने मिश्रण आधी दाबून मग पेटवावे आणि त्यासाठी चार धावांचे चक्र वापरावे, असे कागदावर मांडले. ते प्रत्यक्षात उतरवले जर्मनीतील निकोलाउस ओटो यांनी, १८७६ मध्ये. ओटोंना त्याचे पेटंट मिळाले होते, पण बो द रोशास यांचे लिखाण पुढे आल्यावर १८८६ मध्ये ते रद्द झाले. चार स्ट्रोकच्या चक्राला आजही ओटो चक्र म्हणतात आणि ते योग्यच आहे, कारण कागदावरची कल्पना आणि रोज चालणारे यंत्र यांत फार अंतर असते.

रुडॉल्फ डिझेल यांची वाट वेगळी होती. उष्मागतिकीच्या सिद्धांताप्रमाणे जितके जास्त दाबून मग पेटवावे आणि जितके पूर्ण प्रसरण होऊ द्यावे, तितके उष्णतेतून अधिक काम मिळते. परंतु मिश्रण दाबण्यावर त्याच्या आपोआप पेटण्याची मर्यादा येते. डिझेल यांनी ही मर्यादा अशी टाळली की आधी केवळ हवा दाबायची आणि इंधन शेवटच्या क्षणी सोडायचे. हवा कितीही तापली तरी इंधनावाचून ती पेटणार नाही. आउग्सबुर्ग येथे १८९७ मध्ये चाचणी झालेल्या त्यांच्या इंजिनाने सुमारे २६ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर केले, जे त्या काळच्या चांगल्या वाफेच्या इंजिनालाही साधत नव्हते. त्यांचे यंत्र मात्र प्रचंड होते, कारण इंधन आत ढकलण्यासाठी वेगळा हवेचा कॉम्प्रेसर लागे. १९२७ पासून जर्मनीत बॉश कंपनीचे लहान फ्युएल पंप मोठ्या संख्येने निघू लागले आणि मगच डिझेल इंजिन ट्रकमध्ये मावण्याजोगे झाले. निदेशक साहेबांनी त्या पंपाला जो मान दिला आहे, त्याला इतिहासाचाही आधार आहे. आपल्याकडे पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये सुरू झाली आणि पुढे राजकोटच्या कारखान्यांतून मिनिटाला ६५० फेऱ्यांची, ६ अश्वशक्तीची लिस्टर पद्धतीची इंजिने विहिरींवर येऊ लागली.

तापीकाठ, आपण विज्ञान शिकलेले आहात म्हणून हिशेबही देतो. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट (विजेच्या बिलातले युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) उष्णता असते. आपल्यासारख्या इंजिनातून त्यातील तीन, फार तर सव्वातीन युनिट चाकावर मिळतात. उरलेली उष्णता थंड करण्याच्या पाण्यातून आणि सायलेन्सरमधून निघून जाते. नेहमीचे पेट्रोल इंजिन २५ ते ३० टक्क्यांपर्यंत जाते, अलीकडची काही ४० टक्क्यांपर्यंत पोहोचली आहेत. सर्व उष्णता कामात आणणारे इंजिन कधीच होणार नाही, हा कारागिरीचा दोष नसून उष्मागतिकीचा दुसरा नियम आहे.

आणखी एक स्थानिक बाब. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्के विरळ असते, म्हणजे प्रत्येक धावेत प्राणवायू तेवढा कमी येतो. भर दुपारी पंपावर पूर्ण भार टाकला की काळा धूर वाढतो, त्याचे एक कारण हेही असते.


जिभाऊ (धुळे, हायवेवरील गॅरेज) यांचे उत्तर :

राम राम मंडळी. दोन्ही साहेबांनी छान लिहिले आहे, परंतु टाकीत काय ओतले याला फारसे महत्त्व नाही असा अर्थ कोणी काढू नये, म्हणून मी आधी हरकत नोंदवतो. गॅरेजमध्ये वर्षातून काही वेळा तरी डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलेले गिऱ्हाईक येतेच. डिझेल हे त्या पंपाचे आणि नोझलचे वंगणही असते. पेट्रोल ते वंगण धुऊन काढते आणि धातूवर धातू घासू लागतो. जुन्या पंपांनी थोडेबहुत सोसले तरी आताच्या कॉमन रेल (सर्व इंजेक्टरना एकाच नळीतून दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या) गाड्यांमध्ये १६०० ते २००० बार दाब असतो, म्हणजे तापीकाठ दादांच्या नोझलच्या आठ-दहा पट. तेथे पंपाचा एकदा भुगा झाला की तो टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळीकडे पसरतो. अशी चूक झाली असेल तर चावीही न फिरवता टाकी रिकामी करावी.

आता पंगतींचा प्रश्न. ठिणगी की दाब, ही एक पंगत झाली. टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, ही पूर्णपणे वेगळी पंगत आहे आणि दोन्हींच्या जोड्या लागू शकतात. टू-स्ट्रोकमध्ये हवा घेणे, दाबणे, काम करणे आणि धूर सोडणे हे सगळे क्रँकच्या एकाच फेऱ्यात उरकतात. लुना, राजदूत, जुनी चेतक यांच्या इंजिनात व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात आणि पिस्टन वर-खाली होताना त्या उघडतो, मिटतो. पिस्टन वर जाताना त्याच्या खालच्या क्रँककेसमध्ये ताजे मिश्रण ओढले जाते, खाली येताना तेच मिश्रण खिडकीतून वर ढकलले जाते आणि ते जळालेल्या धुराला बाहेर हुसकावते. क्रँककेसमधून पेट्रोल जात असल्यामुळे तेथे वेगळे ऑइल भरून ठेवता येत नाही, म्हणून पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळावे लागते आणि ते जळून निळसर धूर होतो.

प्रत्येक फेऱ्याला काम मिळत असल्यामुळे ताकद दुप्पट व्हायला हवी, परंतु प्रत्यक्षात तेवढी होत नाही. धूर हुसकावताना काही ताजे मिश्रणही न जळताच बाहेर निसटते. मायलेज तेथेच बुडते. १९८५ साली आपल्याकडे दोन मोटारसायकली आल्या, टू-स्ट्रोकची यामाहा आरएक्स १०० आणि फोर-स्ट्रोकची हिरो होंडा सीडी १००. दोन्हींचे इंजिन १०० सीसीच्या किंचित खाली. आरएक्सची ताकद सुमारे ११ अश्वशक्ती, सीडीची सात-साडेसात. पळण्यात आरएक्स, पेट्रोल वाचवण्यात सीडी, आणि बाजाराने शेवटी कोणाला कौल दिला ते रस्त्यावर दिसतेच. उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले तशी टू-स्ट्रोक दुचाकी बंद झाली.

मात्र टू-स्ट्रोक म्हणजे लहान, पेट्रोलवर चालणारे आणि धूर ओकणारे, असा जो समज आहे तो डिझेलला लागू होत नाही. डिझेल टू-स्ट्रोकमध्ये धूर हुसकावण्याचे काम केवळ हवा करते, इंधन नंतर येते, त्यामुळे ते निसटण्याचा प्रश्नच नाही. वाराणसीत बनलेले डब्ल्यूडीजी-४ हे ४००० अश्वशक्तीचे मालगाडीचे इंजिन टू-स्ट्रोक डिझेलच आहे, तर त्याच्या आधीचे २६०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-२ फोर-स्ट्रोक होते. जहाजांची सर्वांत मोठी इंजिनेही टू-स्ट्रोक डिझेल असतात. त्यांतील १४ सिलिंडरचे एक प्रसिद्ध इंजिन मिनिटाला जेमतेम १०२ फेरे घेते आणि ८० हजार किलोवॅट देते, म्हणजे एक लाखाहून अधिक अश्वशक्ती. आणि मास्तरांच्या हिशेबात जे तीन युनिट मिळतात, तेथे अशा जहाजाला पाच मिळतात.

टर्बो ही जात नव्हे, जोड आहे. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. हवा जास्त आली की डिझेलही जास्त जाळता येते. मुंबई–आग्रा रस्त्यावरचा आजचा कोणताही मोठा ट्रक टर्बोशिवाय नाही, आणि दाबल्यावर तापलेली हवा निववण्यासाठी त्याला पुढे इंटरकूलरही असतो. त्या इंटरकूलरच्या जाळीत पिंजलेल्या कापसाचे तंतू आणि धूळ बसली की उन्हाळ्यात गाडी चढणीला ओढत नाही. रोटरी म्हणजे वांकेल इंजिन. त्यात पिस्टन वर-खाली होत नाही, त्रिकोणी रोटर एका अंडाकृतीसारख्या पोकळीत फिरतो. पहिले १९५७ मध्ये जर्मनीत चालले आणि पुढे माझदाने ते बरीच वर्षे गाड्यांत वापरले. आवाज आणि थरथर कमी, पण रोटरच्या टोकांची सील झिजतात आणि ऑइल जळते. आपल्या भागात ते दुरुस्तीला येण्याची शक्यता नाही, म्हणून अधिक लिहीत नाही. सिलिंडर एका ओळीत, व्ही आकारात की समोरासमोर, हा केवळ मांडणीचा फरक आहे.


तापीकाठ यांचा पुढील प्रश्न :

निदेशक साहेब, सर आणि जिभाऊ, आपणा सर्वांचे आभार. काडीचा आणि प्लगचा उलगडा पूर्ण झाला. आबांनाही वाचून दाखवतो. आता आमच्या इंजिनाविषयी थोडेसे. सकाळी सुरू करताना पांढरा धूर येतो, काही वेळाने कमी होतो, परंतु पूर्णपणे जात नाही. हँडल मारताना पूर्वी जो जोर लागायचा तोही आता लागत नाही. गावातील एकाने हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) उघडून पिस्टन आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) बदलण्याचा सल्ला दिला आहे, तर दुसऱ्याने डिझेलमध्ये थोडे रॉकेल मिसळण्याचा. काय करावे?


जिभाऊ यांचे उत्तर :

दादा, रॉकेल अजिबात मिसळू नका. ते पातळ असल्यामुळे पंपाच्या प्लंजरचे (दट्ट्याचे) वंगण कमी होते आणि आजार भलतीकडेच वाढतो.

आपल्या इंजिनात पांढरा धूर म्हणजे बहुधा न जळलेल्या डिझेलची वाफ असते. थंड इंजिनात ती थोडा वेळ येणे स्वाभाविक आहे, कारण गार सिलिंडर हवेची उष्णता शोषून घेतो. तापल्यावरही ती जात नसेल आणि हँडल हलके लागत असेल, तर हवा पुरेशी दाबली जात नाही आणि म्हणून पुरेशी तापतही नाही, असा अर्थ निघतो. ही गळती कोठे आहे ते हेड न उघडताही बऱ्यापैकी कळते.

प्रथम डिकॉम्प्रेशनचा लिव्हर पूर्ण खाली बसतो का ते पाहा. हँडल मारताना व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवून चाक मोकळे फिरू देणे हे त्याचे काम आहे. तो अर्धवट अडकला तर व्हॉल्व्ह कायमच थोडा उघडा राहतो. नंतर टॅपेटचे अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातील फट) माहितीपुस्तिकेप्रमाणे लावून घ्या, कारण अंतर फार कमी झाले तरी व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. एवढे करूनही फरक पडला नाही, तर नोझल काढून त्या भोकातून इंजिन ऑइलचे अगदी थोडे थेंब सिलिंडरमध्ये सोडा, चाक हाताने काही वेळा फिरवा, म्हणजे जादा तेल बाहेर निघून जाईल, आणि नोझल बसवून मग हँडलचा जोर पाहा. जोर वाढला तर रिंगा किंवा लायनर झिजले आहेत, कारण तेलाने ती फट तात्पुरती भरली. जोर तेवढाच राहिला तर दोष व्हॉल्व्हच्या बैठकीत किंवा हेड पॅकिंगमध्ये आहे आणि पिस्टन-लायनरचा खर्च उगाच होईल. नोझल बाहेर आहेच, तर ते टेस्टिंग मशिनवर तपासून घ्या. फवारा धुक्यासारखा सुटायला हवा, धार पडत असेल तर केवळ तेवढ्यानेही पांढरा धूर येतो.

तळाचे ऑइल दुधाळ झाले असेल तर मात्र पाणी आत शिरते आहे असे समजून इंजिन चालवू नका.

राहता राहिले थंड करण्याचे पाणी. आपल्याकडे विहिरीचे गार पाणी पंपाच्या डिलिव्हरीतून थेट जॅकेटमध्ये (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत) सोडण्याची पद्धत आहे. इंजिन जितके गार तितके चांगले अशी समजूत असल्यामुळे कॉक पूर्ण उघडा ठेवतात, आणि मग सिलिंडर कधीच नीट तापत नाही, डिझेल अर्धवट जळते, लायनरही लवकर झिजतो. बाहेर पडणारे पाणी ६० ते ७० अंशांच्या दरम्यान असावे, म्हणजे त्याखाली हात धरवणार नाही इतपत. तेवढाच कॉक उघडा ठेवा. बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरत असाल तर जॅकेटमध्ये पापुद्रे साचून पाण्याची वाट अरुंद झालेली असते, त्यामुळे हेड केव्हा उघडाल तेव्हा ती जागा खरवडून घ्यायला मिस्त्रींना आठवणीने सांगा.